चिमूटभर केस

२ मार्च, सोमवार

आज मामाने जिग बांधायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मामीचा उजवा हात मनगटात मोडून पंधरा दिवस झाले, प्लॅस्टर अजून साडेतीन आठवडे राहणार, आणि तिने बांधून ठेवलेला डबा संपत आलाय. मी नको म्हणणार होते. पण नोकरीच्या पत्राची वाट बघण्यापलीकडे मला सध्या काम नाही, आणि दोन वेळा जेवायचं तर हात हलवलेले बरे.

लिहिल्याशिवाय मला काही कळत नाही, म्हणून नीट लिहून ठेवते. जिग म्हणजे गळावर ओतलेलं शिशाचं डोकं आणि त्याच्या मानेला दोऱ्याने बांधलेला हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुबका. तळाशी नेऊन वर-खाली नाचवला की माशाच्या पिल्लासारखा दिसतो. मामाच्या बोटीवर हौशी लोक दिवसभरासाठी येतात, ते चपटे मासे धरायला. हे मासे वाळूत ताटलीसारखे पडून असतात, दोन्ही डोळे एकाच अंगाला, वर लागलेले. डोक्यापाशी वाळूवर काही टिपटिप करत गेलं की झडप घालतात. म्हणून जिग तळाला टेकलाच पाहिजे. एवढं सगळं मामाने एका कप चहात शिकवलं आणि कप माझ्या हातात दिला, विसळायला.

पंधरा तारखेला बाईंचा क्लब येणार आहे. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्या शाळेच्या नव्हेत, तरी त्यांना पाहिलं की माझी पाठ ताठ होते. आठ जण आहेत, सगळे पेन्शनवाले, आणि सीझनभर एक-दोन रविवार सोडून आमचीच बोट घेतात, मामीच्या जिगांसाठी. यंदा पलीकडच्या धक्क्यावर नवी बोट आलीय. तिच्यावर रबरी शेपटीचे विकतचे जिग आहेत, आणि तिचा मालक बाईंच्या घरी दोनदा जाऊन आलाय.

"बाईंचे आठ गेले की सीझन गेला," मामा म्हणाला. "तेव्हा मास्तरीणबाई, डोकं लावून निवडा."

मास्तरीणबाई म्हणजे मी. घरात लिहिता-वाचता येणारी पहिली, म्हणून.

३ मार्च, मंगळवार

निवडायचं म्हणजे वजन आणि रंग. मी तक्ता केला. आडव्या रांगेत पाण्याची खोली, उभ्या रांगेत प्रवाहाची ओढ.

मामाला विचारलं, किती ग्रॅमचा चांगला? तो म्हणाला, "जो सगळ्यात हलका असून तळाला टेकतो तो." हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

मामीला रंग विचारला. "पाणी स्वच्छ असलं तर पांढरा, गढूळ असलं तर पोपटी."

"आणि गुलाबी?"

"गुलाबी माणसांना आवडतो."

शेवटी आठ जणांना तीन-तीन, असे चोवीस ठरवले. पंचेचाळीस ग्रॅमचे सहा, साठचे बारा, नव्वदचे सहा. पांढरे बारा, पोपटी आठ, गुलाबी चार. मामाने यादी ऐकली, मान डोलावली आणि म्हणाला, "हेच मी सांगणार होतो." मग आधीच का नाही सांगितलं? रात्री नीट झोप लागली नाही. गुलाबी चार जास्त होतात का?

६ मार्च, शुक्रवार

मामी डाव्या हाताने दाखवते, मी दोन्ही हातांनी करते. डोकं शिकंज्यात पकडायचं. शेपटीतून केस कापायचे, बारीक कंगव्याने आतली लव काढून टाकायची, उरलेले केस मानेभोवती धरून दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची, गाठीवर नेलपॉलिश. सकाळी तीन बिघडले, दुपारी एक बिघडला, संध्याकाळी एकही नाही. याचा मला आनंद झाला, तो लिहिते.

आता दुसरी गोष्ट. मामी अगदी चिमूटभर केस घेते. लव काढल्यावर त्या चिमटीतलेही अर्धे उरतात. खिडकीसमोर धरला की केसांतून पलीकडचं दिसलं पाहिजे, म्हणते. हाताएवढी लांब शेपटी समोर पडलेली आणि जिगला मूठभर केस नाहीत! मी तिच्या जुन्या डब्यातले उरलेले जिग काढून पाहिले. सगळे तसेच, टक्कल पडत आलेल्या माणसासारखे.

मला फार लाज वाटली. बाई पूर्ण पैसे मोजतात. माप म्हणजे काय हे त्यांनी हजार मुलांना शिकवलं असेल, आणि आमच्याकडून त्यांना वीस वर्षं हे मिळतंय. मामी मुद्दाम फसवत नाही, मला माहीत आहे. ती कोथिंबिरीच्या काड्याही टाकत नाही, सवयच तशी. कॉलेजात कोणी आमच्या माणसांना अडाणी म्हटलं की मी भांडायचे. आणि आज मनातल्या मनात तोच शब्द मी वापरला. लिहिलं, कारण खोटं लिहायचं तर वही कशाला?

ठरवलंय की बाईंच्या चोवीस जिगांना मी नीट केस लावणार. मामीला न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. तिने विचारलं तर सांगेन.

९ मार्च, सोमवार

अठरा झाले. सुंदर दिसतात, गोंड्यासारखे.

मामीने एक हातात घेतला, अंगठ्याने चाचपला. "अंगाने भरलाय जरा."

"चांगलं ना मग?"

तिने तो खिडकीसमोर धरून पाहिला. मग म्हणाली, "पाण्याला दाखवलास?"

ही तिची एक रीत आहे. परसात निळा ड्रम भरलेला असतो. नवा जिग बोटीवर जाण्याआधी ती त्याला दोरी बांधून ड्रममध्ये सोडते, उचलते, पुन्हा सोडते, आणि मग डब्यात ठेवते. घरात सगळे याला 'पाण्याला दाखवणं' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, पाण्याची परवानगी घेतात. आता मला वाटतं की ओल्या गळाला गंज चढतो आणि ताजं नेलपॉलिश निघतं. पण मामीला दुखवायचं नाही, म्हणून एक जिग बुडवला आणि लगेच काढून फडक्याने पुसला. एक दाखवला, म्हणजे अगदीच न दाखवल्यासारखं नाही.

"दाखवला," मी म्हटलं.

"काय म्हणालं पाणी?"

मी हसले. ती थट्टा करत होती असं मला वाटलं.

११ मार्च, बुधवार

दोरा आणायला गळ-रिळांच्या दुकानात गेले. पिशवीत दोन जिग होते, रंगाचा दोरा जुळवायला. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला.

"हे कोणी केले?"

मी म्हटलं, "मी."

"याला म्हणतात माल! तुमच्या मामीचे म्हणजे उपाशी दिसतात. मला असे पन्नास दे, शोकेसमध्ये लावतो. बघताक्षणी गिऱ्हाईक उचलेल."

म्हणजे माझं बरोबर होतं. चार दिवसांनी आज पोटभर जेवले. पन्नासचं मात्र लगेच कबूल केलं नाही, आधी बाईंचे होऊ देत.

१५ मार्च, रविवार

क्रमाने लिहिते.

सकाळी सहाला निघालो. आठ जण, मामा, मी, आणि चहाचा थर्मास सांभाळायला मामी, हात गळ्यात अडकवलेला. बाईंनी डबा उघडला. "अरे वा, केवढे झुबकेदार!" सगळ्यांनी एकमेकांना दाखवले. मी लाजून दोरीच्या वेटोळ्यावर बसले.

पहिला तास काही नाही. दुसरा तास काही नाही. बाई म्हणाल्या, "तळ लागत नाहीये." मी घाईघाईने साठचे काढून नव्वदचे दिले. ते मधूनमधून टेकायचे, पुन्हा उचलले जायचे. टोपीवाले काका म्हणाले, "मासेही रविवारी सुट्टी घेतात वाटतं." सगळे हसले. दुपारपर्यंत कोणी हसेना.

सहा तासांत दोन मासे. दोन्ही टोपीवाल्या काकांना, आणि दोन्ही त्यांच्या खिशातल्या गेल्या वर्षीच्या जुन्या जिगावर. बाईंना एकही नाही. मामाने तीनदा जागा बदलली. तो वाऱ्याला शिव्या देत होता, पण वारा नव्हताच.

परत येताना बाईंनी जिग हातात फिरवून पाहिला. काही बोलण्याआधी मामीच म्हणाली, "माझंच चुकलं, बाई. हात हा असा. अंदाज गेला माझा."

मी तिथेच होते. दोन हातांवर. काही बोलले नाही.

धक्क्यावर उतरताना बाई मामाला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ती दुसरी बोट बघतो एकदा. मनाला लावून घेऊ नका. आणि यांच्या हाताची काळजी घ्या."

मामा "हो हो, बघा की" म्हणाला आणि नळी घेऊन डेक धुवायला लागला. आधीच धुतलेला होता.

मी का बोलले नाही?

१६ मार्च, सोमवार

तक्ता पुन्हा तपासला. ओढ जास्त धरली होती की खोली कमी? वजनात चूक सापडत नाही. साठचाच हवा होता. गुलाबी चार जास्त होते हे मी आधीच म्हटलं होतं, पण पांढऱ्यावरही काही लागलं नाही.

मामी माझ्याशी नेहमीसारखी बोलते. त्यामुळे जास्त त्रास होतो.

१८ मार्च, बुधवार

दुपारी मामी म्हणाली, "रविवारचे जिग आण. आणि माझा जुना एक आण."

आम्ही ड्रमापाशी गेलो. आधी तिचा सोडला, साठचा. सरळ खाली गेला, केस अंगाला मिटले, ठक् करून तळ वाजला. दोरी उचलली की केस उघडले, सोडली की मिटले. श्वास घेतल्यासारखे.

मग माझा, साठचाच. तो उघड्या छत्रीसारखा खाली गेला, तिरका, फिरत, अगदी सावकाश. ठक् ऐकू आलंच नाही. उचलला तेव्हा केस मिटले नाहीत, उघडले नाहीत. एक गोळा वर आला, गोळा खाली गेला.

"पाणी धरतोय," मामी म्हणाली. "तुझं शिसं साठचं, पण पाण्याला तीसचं वाटतंय. त्यात बोट वाहती. टेकेल कसा?"

मी किती वेळ ड्रममध्ये बघत होते कोण जाणे. मग भांडल्यासारखं बोलले, ते मला आता बरं वाटत नाही. "तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. पाण्याला दाखव म्हटलं."

"पण का दाखवायचं ते नाही सांगितलंस."

तिने खरंच विचार केला. "दाखवलं की दिसतं. सांगून कसं दिसेल?"

मग मी सगळं सांगितलं. चिमटीचं, लाजेचं, बाईंच्या पैशांचं. अडाणी शब्दाचं सांगितलं नाही. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुला वाटलं मी केस वाचवते." आणि हसायला लागली. हसता हसता थांबली आणि दाराकडे बघत राहिली. तिला बहुतेक चहाची आठवण झाली.

"आणि बोटीवर माझं चुकलं म्हणून का म्हणालीस?"

"मला लोक वीस वर्षं ओळखतात. एक दिवस नावं ठेवतील, विसरतील. तुला पहिल्याच खेपेला नावं ठेवली असती तर पुन्हा कात्रीला हात लावला असतास का?"

मला पुन्हा लावायचाच नाहीये, हे मी तिला सांगितलं नाही. नोकरीचं पत्र येईलच.

१९ मार्च, गुरुवार

बाईंच्या घरी जाऊन आले. मामाला न विचारता.

तिसरा मजला. दारात छत्र्यांच्या उभ्या डब्यात छत्री एक आणि गळाच्या काठ्या पाच. बाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रिळं सुटी करून बसल्या होत्या.

"कोण? मामांची भाची ना? ये. चपला तिथे नको, तेल सांडलंय."

मी वाटेत पाठ केलेलं बोलून टाकलं. "रविवारचे जिग मामीने नव्हते बांधले, मी बांधले होते. केस जास्त लावले. मामी खोटं बोलली, माझ्यासाठी."

"किती जास्त?"

"दुप्पट. काहींना अडीचपट."

"कशासाठी?"

"तुम्हाला कमी पडू नयेत म्हणून."

त्यांनी रीळ खाली ठेवलं. "अगं, मी सात जणांना सांगून बसले की बिचाऱ्या मामींचा हात गेला. आता ते परत कोणी सांगायचं?"

"मी सांगते."

"सांगशीलच. एकेकाला." मग रीळ पुन्हा उचलत, "चहा घेणार?"

"नको."

"खरंच नको की भीतीने नको?"

"भीतीने."

"मग घे."

चहा पिताना त्यांनी सांगितलं की या रविवारचा शब्द नव्या बोटीला दिलाय, तो फिरवणार नाहीत. एकोणतीसला क्लबची स्पर्धा आहे. त्या दिवसाचं बाकीच्यांना विचारतील. "विचारीन हं. हुकूम करणार नाही. रिटायर झालेय मी."

येताना बाकीच्या सात जणांचे पत्ते घेतले. चौघांना आजच सांगून आले. टोपीवाले काका म्हणाले, "मला तर वाटलं होतं मीच मोठा हुशार."

मामाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "जाताना दोन मासे तरी न्यायचेस." रागावला होता की नाही, समजलं नाही.

२२ मार्च, रविवार

ते आठ जण नव्या बोटीवर गेले. आम्ही धक्क्यावरच. मामाने इंजिनाचं तेल बदललं. मी गेल्या रविवारच्या चोवीसच्या चोवीस जिगांचे दोरे सोडवले, केस अर्ध्याहून कमी केले, पुन्हा बांधले. एकेक करून ड्रममध्ये सोडला. पाच परत सोडवावे लागले. किती केस घ्यायचे ते लिहून ठेवता येईल असं वाटलं होतं, येत नाही. पांढरे केस जाड असतात, रंगवलेले मऊ. चिमटीतच कळतं.

दुकानदाराचा निरोप होता, पन्नासचं काय झालं? मी जाऊन सांगितलं की तसे जिग तळाला टेकत नाहीत.

"मासा येतो का माझ्या दुकानात?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "नाही, पण घेणारा पाण्यावर जातो."

२६ मार्च, गुरुवार

मामीचं प्लॅस्टर काढलं. हात बारीक झालाय. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना टेकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, चेंडू दाबत राहा, फरक पडेल. कधी, ते म्हणाले नाहीत. म्हणजे लवकरच असेल.

घरी आल्यावर मामीने केसांची पेटी, कंगवा, दोऱ्यांची रिळं, सगळं तिच्या खिडकीतून उचलून माझ्या टेबलाशी आणून ठेवलं. झाडताना अडचण होत असेल. कात्रीही दिली. तिची स्वतःची, जिला कोणी हात लावलेला तिला चालायचा नाही.

आजच पत्र आलं. नोकरी मिळाली. पंधरा एप्रिलला रुजू व्हायचंय. ऑफिस इथून बसने चाळीस मिनिटं. सगळ्यांना आनंद झाला. मामा म्हणाला, "रविवारी सुट्टी असते ना?" मी म्हटलं, असते. तो बरं म्हणाला.

२९ मार्च, रविवार

आधी निकाल लिहून टाकते. आठांपैकी सहा जण आले, दोघे नव्या बोटीवरच राहिले. दिवसभरात तेरा मासे. बाईंना तीन, त्यातला एक परातीएवढा. स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या, पहिला नंबर नव्या बोटीवरच्याचा. उतरताना बाई मामाला म्हणाल्या, "पुढचे रविवार लिहून घ्या." मामाला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहून घेतले.

पण मला लिहायचंय ते सकाळचं.

निघण्याआधी बाईंनी स्पर्धेचा फॉर्म दिला. हाताने बांधलेल्या जिगांचा वेगळा गट असतो, त्यात एक रकाना होता, जिग बांधणाऱ्याचं नाव. मी तिथे मामीचं नाव लिहिलं. मला तेच बरोबर वाटलं. तिची चिमूट, तिची रीत, वीस वर्षं तिची. तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते अशाने पुसलं जाईल असंही वाटलं.

मामी थर्मास घेऊन मागे उभी होती. तिला वाचता येत नाही. तिने कागदावर बोट ठेवलं, ते न वाकणारं. "हे माझं नाव आहे."

"तुला कसं कळलं?"

"दोन अक्षरं. माझ्या ओळखपत्रावर रोज बघते. एवढंच येतं मला ओळखता." मग म्हणाली, "हे जिग मी बांधलेत का?"

"तुझेच आहेत, मामी."

"मी बांधलेत का?"

"नाही."

"मग खोड."

मी खोडलं. शेजारी माझं लिहिलं. तिने विचारलं, "तुझं किती अक्षरांचं?" मी म्हटलं, चार. "मावलं ना रकान्यात?" मावलं होतं, कसंबसं.

फॉर्म बाईंना दिला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, खोडलेल्या जागी बोट टेकवलं. "खाडाखोड आहे. इथे सही लागेल."

मी पेन पुढे केलं तर म्हणाल्या, "तुझी नको. जिचं नाव खोडलंस तिची."

मामी म्हणाली, "मी अंगठा देते."

"शाई कुठून आणू मी समुद्रावर?" बाई म्हणाल्या.

मामीने थर्मास माझ्याकडे दिला. पेन डाव्या हातात धरलं, कंगवा धरते तसं. कागद फळीवर टेकवला आणि खोडलेल्या नावाकडे बघत बघत त्याच्या बाजूला पहिलं अक्षर काढलं, मग पुन्हा बघून दुसरं. मामाने इंजिन सुरू केलं होतं, ते बंद केलं. टोपीवाले काका घड्याळात बघत होते, बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. दोन अक्षरं काढून होईपर्यंत बोट धक्क्यालाच होती.